घरगुती बैठकींची ध्वनिमुद्रणे सीडी-डीव्हीडीवर ठेवावीत का, आणि ठेवावीत तर कशी?

कृष्णाकाठ

सांगलीच्या गावभागातील आमच्या घरी, वडील हयात असेपर्यंत, दर गुरुवारी भजन आणि महिन्यातून एकदा छोटी बैठक होत असे. वडील पेटीवर असत. गाणारी मंडळी बहुतेक मिरजेची, आणि त्यांना परतीची बस गाठायची असल्यामुळे साडेनऊला भैरवी ठरलेली. सुरुवातीला मी या बैठकी कॅसेटवर घेत असे. २००३ मध्ये घरी संगणक आला, तेव्हापासून मिक्सरमधून थेट संगणकात आवाज घेऊन मी त्याच्या ऑडिओ सीडी करू लागलो. त्या संगणकाची हार्ड डिस्क ४० जीबीची होती, त्यामुळे सीडी तयार झाली की मूळ फाइल पुसून टाकायची, असा माझा रिवाज होता. आज मूळ म्हणून माझ्याकडे जे काही उरले आहे ते म्हणजे या चौसष्ट सीडी.

गेल्या महिन्यात वडिलांच्या वर्षश्राद्धाला २००७ मधली एक सीडी लावली. पहिले दोन ट्रॅक नीट वाजले आणि तिसऱ्यावर टकटक असा आवाज सुरू होऊन यंत्र तिथेच अडकले. तेव्हापासून झोप उडाली आहे. दुसरीकडे, माझी पुतणी आता गाऊ लागली आहे आणि तिचे गाणे मी हातात मावणाऱ्या रेकॉर्डरवर २४ बिट, ४८ किलोहर्ट्झने घेतो. जुने वाचवावे कसे, आणि नवे जे आहे त्याची मास्टर प्रत, म्हणजे जिच्यावरून पुढच्या सगळ्या नकला निघतील ती प्रत, करून ती पुन्हा डिस्कवरच ठेवावी का, हे दोन्ही प्रश्न एकदमच विचारतो. घरातील तरुण मंडळी म्हणतात की सीडी आता कोणी वापरत नाही. मला मात्र हातात धरता येईल अशी वस्तू हवी आहे.

ध्वनिलेखक

मी सांगलीत कॅसेटच्या नकला करून देण्याचा व्यवसाय अनेक वर्षे केला आणि पुढे सीडीचाही केला, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपल्या हातून झालेली चूक त्या काळात आम्ही सर्वांनीच केली आहे. ऐकण्यासाठीची सीडी आणि जपून ठेवण्यासाठीची सीडी या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे तेव्हा आमच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक होते. ऑडिओ सीडीचे मानक फिलिप्स आणि सोनी यांनी १९८० मध्ये ठरवले ते गाणे अखंड वाजत राहावे एवढ्यासाठी. डिस्कवरून एका सेकंदाला ७५ खंड वाचले जातात आणि प्रत्येक खंडात २३५२ बाइट असतात. ऑडिओ सीडीत हे सगळे बाइट आवाजाचेच असतात. लहानसहान ओरखड्यांची दुरुस्ती करणारी एक व्यवस्था त्याच्या खालच्या पातळीवर असते, पण तिच्या आवाक्याबाहेरची चूक आली की वाजवणारे यंत्र आजूबाजूचे नमुने पाहून मधला आवाज अंदाजाने भरून काढते. आपल्याला ते कळतही नाही. थोडक्यात, कानाला ठीक वाटणारी सीडी आतून खराब होऊ लागलेली असू शकते, आणि टकटक ऐकू येते तेव्हा अंदाजसुद्धा संपलेला असतो.

डेटा सीडीत त्याच २३५२ बाइटांपैकी फक्त २०४८ बाइट आपल्या फाइलसाठी असतात. उरलेल्यांपैकी २७६ बाइट हे दुरुस्तीचे आणखी एक कवच असते. तिथे अंदाजाला जागा नाही. फाइल अचूक वाचली जाते, नाहीतर संगणक चूक दाखवून थांबतो. त्यामुळे जपण्यासाठीची प्रत नेहमी डेटा डिस्क म्हणून, वेव्ह (आवाज जसाच्या तसा) किंवा फ्लॅक (काहीही न गमावता आटवलेला) फाइलच्या रूपात लिहावी, आणि ऑडिओ सीडी पाहुण्यांना द्यावी.

यात एक गंमत आहे. ऐंशी मिनिटांच्या ऑडिओ सीडीतील सगळा आवाज वेव्ह फाइल म्हणून काढला तर तो आठशे एमबीच्याही वर जातो आणि सातशे एमबीच्या डेटा सीडीत मावत नाही. कवचासाठी दिलेली जागा ती हीच. फ्लॅकमध्ये तोच आवाज काहीही न गमावता पुष्कळ कमी जागेत बसतो, म्हणून अडचण येत नाही.

जुन्या सीडी वाचताना साध्या प्लेअरच्या सॉफ्टवेअरने त्या काढू नका. विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे सॉफ्टवेअर सुरक्षित पद्धतीने, म्हणजे शंकास्पद जागा पुन्हा पुन्हा वाचून, ट्रॅक काढते. त्यात वाचून तपासण्याचा आणि मग नक्कल करण्याचा पर्याय निवडला की प्रत्येक ट्रॅक दोनदा वाचला जातो आणि दोन्ही वेळची बेरीज-खूण, म्हणजे सगळ्या बाइटांवरून काढलेला पडताळणीचा आकडा, जुळते का ते समोर दिसते. बाजारातील सीडींसाठी इतरांच्या वाचनाशी ताडून पाहण्याची सोय आहे, पण आपल्या घरच्या बैठकीची सीडी जगात एकच असल्यामुळे ती सोय आपल्या कामाची नाही. आपली सीडी आपल्याच दुसऱ्या वाचनाशी ताडायची.

द्राक्षबाग

काका, रागावू नका, पण २०२५ उलटून गेल्यावर डिस्क लिहीत बसणे म्हणजे तासगावची द्राक्षे बैलगाडीने मुंबईला पाठवण्यासारखे आहे. नव्या लॅपटॉपला ड्राइव्हच नसतो. चौसष्ट सीडींचा सगळा आवाज फ्लॅकमध्ये फार तर पंचवीस-तीस जीबी होईल, आणि एवढा तर खिशातल्या पेनड्राइव्हमध्ये राहतो. दोन हार्ड डिस्क आणि एक क्लाउड खाते घेतले की काम संपले.

कृष्णाकाठ

रागावण्याचे काही कारण नाही. उलट, आपण हे विचारलेत म्हणून एक प्रसंग सांगतो, कारण माझा डिस्कवरचा विश्वास आणि अविश्वास दोन्ही त्यातूनच आले आहेत.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात गावभागात पाणी चढू लागले, तेव्हा आम्ही आईला आणि वडिलांना घेऊन नावेतून बाहेर पडलो. पेटी माळ्यावर ठेवली होती. २००५ च्या पुराच्या खुणेच्या वर जे असेल ते सुरक्षित, असा आमचा हिशेब होता आणि तो हिशेब चुकला. सीडींची पत्र्याची ट्रंक आणि तिच्याशेजारी ठेवलेली, नुकत्याच केलेल्या प्रतींची हार्ड डिस्क, दोन्ही पाण्याखाली गेले. दहा दिवसांनी घर उघडले तेव्हा ट्रंकेत घोटाभर चिखल होता.

हार्ड डिस्क गेली ती गेलीच. सीडी मात्र मी एकेक करून नळाच्या स्वच्छ पाण्यात धुतल्या, मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसल्या आणि सावलीत सुपात उभ्या मांडून वाळवल्या. आई वर्षाच्या उडदाचे पापड घालावेत तशी त्या मांडणीकडे पाहत होती. त्या सीडी वाजल्या. कागदी पाकिटातल्या सीडींना कागद चिकटला होता आणि तो ओलाच सोलण्याची घाई केली त्या तीन सीडींवरून चंदेरी थरच पापुद्र्यासारखा उठून आला. त्या थराखाली काय होते हे आता कोणालाच कळणार नाही. प्लास्टिकच्या डबीत ठेवलेल्या जवळजवळ सगळ्या वाचल्या. चौसष्ट हा आकडा त्यानंतरचा आहे.

मला डिस्क हवी आहे ती त्या सुपासाठी. आणि तिच्यावर सगळा भार टाकायची भीती वाटते ती त्या तीन पापुद्र्यांसाठी.

ध्वनिलेखक

आपण सांगितलेला पापुद्रा समजण्यासारखा आहे. सीडीत जाड प्लास्टिक असते ते खालच्या बाजूला, १.२ मिलिमीटर. ज्यात माहिती लिहिली जाते तो रंगद्रव्याचा थर आणि त्यावरचा चंदेरी थर हे अगदी वर, लेबलच्या बाजूला असतात आणि त्यांच्यावर फक्त लाखेसारखे पातळ आवरण असते. आपण सगळे आयुष्यभर खालची बाजू जपत आलो आणि सीडी वरून मरते. खालचा ओरखडा घासून काढता येतो, वरचा येत नाही. डीव्हीडीत ०.६ मिलिमीटरचे दोन थर एकमेकांना चिकटवलेले असतात आणि माहिती त्यांच्या मधोमध असते, म्हणून तिला वरच्या बाजूचे भय पुष्कळ कमी. ब्लू-रेमध्ये ती पुन्हा वेगळ्या जागी, वाचण्याच्या बाजूपासून केवळ ०.१ मिलिमीटर आत असते.

यावरून चिकटवण्याच्या कागदी लेबलांचा निकाल आपोआप लागतो. ती लावू नयेत. कागद ओल धरतो, आकसतो, थर ओढतो आणि डिस्क फिरताना तोल जातो तो वेगळाच. लिहायचे ते पाण्यावर आधारित शाईच्या पेनाने, आणि शक्य तर मधल्या पारदर्शक कड्यावर, जिथे माहिती नसते. बॉलपेन तर डिस्कजवळ आणूच नये.

द्राक्षबाग यांच्या दोन हार्ड डिस्क आणि क्लाउड यांना माझा अजिबात विरोध नाही. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यांपैकी एक दुसऱ्या गावी, हा जुना नियम आहे. दोन हार्ड डिस्क एकाच कपाटात ठेवल्या तर पुराच्या दृष्टीने ती एकच हार्ड डिस्क. डिस्कचा खरा गुण असा, की एकदा लिहून बंद केली की तिच्यावरचे चुकून पुसले जात नाही आणि व्हायरसला ती बदलता येत नाही. पेनड्राइव्ह मात्र वर्षानुवर्षे कपाटात टाकून देण्याची वस्तू नव्हे.

जवारी

मी मिरजेचा. तंबोऱ्याच्या जवारीशी रोजचा संबंध असल्यामुळे सदस्यनाम तेच घेतले आहे. साठवणुकीचे वर पुष्कळ आले, आता मास्टर प्रत करण्याबद्दल लिहितो, कारण घरगुती सीडीत तंबोऱ्याचे जे हाल होतात ते मला पाहवत नाहीत.

बहुतेक जण बैठकीचे तुकडे करतात: विलंबित, द्रुत, मग ठुमरी, मग भैरवी. बर्न करताना सॉफ्टवेअर मुकाट्याने प्रत्येक ट्रॅकमध्ये दोन सेकंदांची शांतता घालते. चित्रपटगीतांच्या सीडीत ती खटकत नाही. पण विलंबित संपून द्रुत सुरू होताना गायक श्वास घेतो, तबलजी हातोडीने एखादी गट्टी ठोकतो आणि त्या सगळ्याच्या मागे तंबोरा चालूच असतो. त्या तंबोऱ्याच्या मध्यात, पंचम छेडून झाला आहे आणि जोडीच्या तारा अजून यायच्या आहेत अशा जागी, कोणीतरी दार लावून घेतल्यासारखी दोन सेकंद शांतता आली की बैठक मोडते. ती टाळण्यासाठी ट्रॅक-अॅट-वन्स ही पद्धत न वापरता डिस्क-अॅट-वन्स निवडावी, म्हणजे लेझर न थांबता पूर्ण डिस्क एका दमात लिहिली जाते, आणि ट्रॅकमधले अंतर शून्य ठेवावे. सगळ्यांत उत्तम म्हणजे पूर्ण बैठकीची एकच लांब फाइल ठेवावी आणि कोणता ट्रॅक कुठे सुरू होतो एवढेच क्यू शीट नावाच्या छोट्या मजकूर फाइलमध्ये लिहावे. आवाज कापायचा नाही, फक्त खुणा करायच्या. खूण सेकंदाच्या ७५ व्या भागावर बसते, म्हणून फाइल कापायचीच असेल तर तीही त्याच मोजमापावर कापावी, नाहीतर जोडावर बारीक टक ऐकू येतो.

सुरुवातीला तंबोरा एकदम अंगावर येऊ देऊ नये. पाच-सहा सेकंदांत हळूहळू उमलू द्यावा आणि शेवटी त्याहून सावकाश मावळू द्यावा. शेवटची दाद मात्र ठेवा. कृष्णाकाठ काकांच्या बैठकीत बसची वेळ झाली म्हणून कोणी घड्याळाकडे पाहत काही बोलले असेल, तर तेही ठेवा.

आवाजाच्या पातळीबद्दल माझे मत जरा कडवट आहे. आजकाल घरी मास्टरिंग म्हणजे लिमिटर लावून सगळे सारख्या मोठ्या आवाजात आणणे, असा समज झाला आहे. ख्यालात मंद्र सप्तकातला षड्ज आणि तार सप्तकातली पुकार यांच्यात जे अंतर गायकाने कष्टाने राखलेले असते, ते लिमिटर एका झटक्यात सपाट करतो, आणि त्याबरोबर तंबोरा कधी पुढे, कधी मागे असा हिंदकळू लागतो. सर्वांत मोठा आवाज शून्य डेसिबलच्या खाली एखादा डेसिबल राहील इतपत पूर्ण बैठक एकाच मापाने वाढवावी. प्रत्येक ट्रॅक वेगवेगळा वाढवला तर विलंबिताचा तंबोरा आणि द्रुताचा तंबोरा वेगळ्या खोल्यांतले वाटतात.

जाता जाता द्राक्षबाग यांना एक सांगतो. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ मध्ये गेले. तेव्हाच्या लाखेच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे बसत असे. खाँसाहेबांचा आवाज आज मिरजेत कुणाच्याही घरी ऐकायला मिळतो, कारण त्या तबकड्या अनेक घरांत पोचल्या होत्या आणि कुठे ना कुठे एखादी धड राहिली. काकांची सीडी चौसष्ट घरांत नाही, एकाच ट्रंकेत आहे.

ध्वनिलेखक

जवारी यांच्या लिमिटरविषयीच्या मताशी पूर्ण सहमत. २४ बिटांच्या नव्या ध्वनिमुद्रणाबद्दल तेवढी भर घालतो.

पुतणीच्या गाण्याची रेकॉर्डरमधून आलेली फाइल जशी आहे तशीच पहिली जतन करावी. काटछाट नको, पातळी वाढवणे नको. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टीरिओ म्हणजे मिनिटाला सव्वासतरा एमबी, तासाला साधारण एक जीबी. ४.७ जीबीच्या डीव्हीडीत असे चार तास आरामात बसतात. त्यानंतर संपादन करून जी प्रत होईल ती २४ बिटांतच मास्टर म्हणून ठेवावी, आणि ऑडिओ सीडीसाठी ४४.१ किलोहर्ट्झ व १६ बिट हे रूपांतर सर्वांत शेवटी, एकदाच करावे. त्या वेळी डिथर हा पर्याय चालू ठेवावा. बिट नुसते छाटून टाकले तर मावळत्या तंबोऱ्याच्या अगदी शेवटी, आवाज तळाला जातो तिथे, एक खरखरीत विकृती येते. डिथर त्या जागी अत्यंत हलकी, एकसारखी सळसळ घालतो आणि तंबोरा तिच्यात मऊपणे विरतो. हेडफोन लावून दोन्ही ऐकून पाहा, मग मला वेगळे सांगावे लागणार नाही.

मोबाइलवर घेतलेले काही असेल तर त्याची वेव्ह करून गुणवत्ता वाढेल असे समजू नये. जी फाइल मोबाइलने दिली तीच मूळ.

सुरपेटी

मी विश्रामबागेत गाणे शिकवते. तांत्रिक फारसे कळत नाही, पण फसवणूक कशी होते ते सांगू शकते.

काही वर्षांपूर्वी विद्यार्थिनींच्या वार्षिक कार्यक्रमाच्या सीडी पालकांना द्यायच्या होत्या. मी एका दुकानात पेनड्राइव्हवर वेव्ह फाइल दिल्या आणि पन्नास सीडी करून घेतल्या. छापील लेबल, चकचकीत डबी, सगळे देखणे होते. ऐकताना मात्र झांजा आणि तंबोरा पाण्याखालून आल्यासारखे वाटत होते. मला वाटले, माझेच कान. एका विद्यार्थिनीच्या दादाने संगणकावर त्या आवाजाचा आलेख काढून दाखवला. साधारण १६ किलोहर्ट्झच्या वर जणू कात्रीने कापल्यासारखा सगळा भाग कोरा होता, आणि माझ्या मूळ फाइलमध्ये तो भरलेला होता. दुकानदाराने सोयीसाठी आधी एमपीथ्री केले होते आणि त्यावरून ऑडिओ सीडी लिहिल्या होत्या. विचारल्यावर त्याने मलाच, बाई, सीडी म्हणजे सीडीच असते, असे ऐकवले.

दुसरी चूक माझी स्वतःची. पैसे वाचतील म्हणून मी पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या सीडीवर रियाजाचे ध्वनिमुद्रण दिले, तर तीन आजी-आजोबांच्या जुन्या प्लेअरवर ती लागलीच नाही. त्या डिस्कवरून प्रकाश कमी परावर्तित होतो, म्हणून जुनी यंत्रे तिला ओळखत नाहीत, असे नंतर समजले. आणखी एकदा डिस्क फायनलाइझ करायची, म्हणजे लिहून झाल्यावर बंद करायची, राहिली आणि ती माझ्या संगणकाशिवाय कुठेच वाजेना.

आता विचारते ते असे. कोऱ्या डिस्क अजून चांगल्या मिळतात का? आणि ठेवायच्या कोणत्या?

ध्वनिलेखक

ताई, मिळतात, पण पूर्वीसारखी निवड राहिलेली नाही. आपल्याकडे एके काळी घराघरांत दिसणाऱ्या डिस्क बनवणारी मोझर बेअर ही कंपनी २०१८ मध्ये अवसायनात गेली. सीडी-आर ज्यांनी मुळात घडवली त्या जपानच्या तायो युदेनने २०१५ च्या अखेरीस हे उत्पादन सोडले. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या ब्लू-रे डिस्क बनवणे थांबवले. त्यामुळे कोणत्याही एका नावावर श्रद्धा ठेवण्यापेक्षा दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या डिस्कवर एकेक प्रत लिहिणे शहाणपणाचे.

सीडी-आर उलटी धरून पाहिली की तिचे रंगद्रव्य थोडेफार ओळखता येते. गडद निळी असेल तर बहुधा अॅझो, हिरवट-निळी असेल तर सायनाइन, आणि फिकट सोनेरी किंवा जवळजवळ बिनरंगी दिसली तर थॅलोसायनाइन. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी या संस्थेने केलेल्या चाचण्यांत उष्णता, दमटपणा आणि प्रकाश यांपुढे थॅलोसायनाइन, त्यातही सोन्या-चांदीच्या मिश्र थराची, सर्वांत टिकाऊ ठरली. तिन्ही प्रकारांचे शत्रू मात्र तेच: खिडकीतले ऊन, आपला एप्रिल-मे आणि पावसाळ्यातील ओल. जीपच्या डॅशबोर्डवर ठेवलेली सीडी मास्टर नव्हे.

आता नव्याने करायचे तर माझे मत एम-डिस्क किंवा साध्या ब्लू-रेकडे झुकते. एम-डिस्कमध्ये सेंद्रिय रंगाऐवजी असेंद्रिय थरात खूण कोरली जाते. नेहमीच्या ब्लू-रेमध्येही थर असेंद्रियच असतो, फक्त एलटीएच असे लिहिलेल्या स्वस्त ब्लू-रेत सेंद्रिय रंग असतो, ती टाळावी. २५ जीबी जागा असते. हजार वर्षांच्या जाहिराती मनावर घेऊ नका, पुढच्या दहा वर्षांत ड्राइव्ह मिळेल का हा खरा प्रश्न आहे. म्हणून यूएसबीचा बाहेरचा ड्राइव्ह एकाऐवजी दोन घेऊन एक खोक्यातच ठेवा.

लिहिण्याचा वेग अगदी कमी ठेवला की चांगले, ही जुन्या काळातली समजूत आहे. वेगासाठी बनवलेल्या आजच्या डिस्कवर मधला वेग, सीडीला १६ पट आणि डीव्हीडीला ८ पट, बहुधा सर्वांत स्वच्छ निघतो. पूर्ण डिस्क कडेपर्यंत भरू नये, कारण बाहेरच्या कडेलाच चुका जास्त होतात. मी चार पंचमांश भरतो आणि उरलेल्या जागेत डीव्हीडिझास्टर या मोफत सॉफ्टवेअरने दुरुस्तीची माहिती लिहितो. पुढे काही भाग वाचता आला नाही तरी तो त्यातून परत उभा करता येतो.

जवारी

ध्वनिलेखक यांनी एक सांगायचे राहिले ते मी सांगतो. प्रत्येक डिस्कवर साधी मजकूर फाइल असावी: तारीख, कोणाच्या घरी, कोण गायले, साथीला कोण, राग, ताल, बंदिशीचे पहिले शब्द, तंबोऱ्याची पट्टी. मी पंचवीस वर्षांपूर्वी हे सगळे हौसेने लिहिले होते, पण त्या काळच्या मराठी फॉन्टमध्ये. आता फाइल उघडली की रागाच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची उसळ दिसते. युनिकोडमध्येच लिहा, आणि फाइलचे नाव मात्र रोमन अक्षरांत आणि छोटे ठेवा, कारण जुनी यंत्रे देवनागरी नावांवर अडखळतात.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार मानून, दीड महिन्यात काय झाले ते कळवतो.

चौसष्टपैकी एक्कावन्न सीडी पहिल्याच प्रयत्नात वाचल्या गेल्या आणि दोन्ही वेळची खूण जुळली. नऊ सीडी माझ्या ड्राइव्हवर अडल्या, पण शेजारच्या सायबर कॅफेवाल्याकडच्या जुन्या डेस्कटॉपवर निघाल्या. तिथे एक घोटाळा झाला होता. एकाच ट्रॅकची खूण दोन ड्राइव्हवर वेगळी येत होती आणि मी घाबरून ध्वनिलेखक यांना विचारले. प्रत्येक ड्राइव्ह थोडे पुढे किंवा मागे वाचायला सुरुवात करतो, तेवढा फरक दुरुस्त करून घ्यायचा असतो, असे त्यांनी समजावले. तसे केल्यावर खुणा जुळल्या.

तीन सीडी गेल्या. त्यांतल्या एका सीडीवर माझ्याच हातचे चिकट लेबल होते, झेंडूच्या फुलांची नक्षी असलेले.

राहिली ती २००७ मधली. ती मी कोमट पाण्याने पुन्हा एकदा धुतली, वाचण्याचा वेग सर्वांत कमी केला आणि रात्री दहाला यंत्र लावून झोपलो. सकाळी साडेसहाला तिसऱ्या ट्रॅकच्या शेवटच्या सव्वा मिनिटाजवळ ते अजून झगडत होते. अकराच्या सुमारास संपले. दोन जागी शंकास्पद असा शेरा आला आहे आणि तिथे बारीक टक ऐकू येतो. तो मी काढलेला नाही, मजकूर फाइलमध्ये त्याची वेळ लिहून ठेवली आहे. त्या ट्रॅकवर वडील भैरवीची पेटी धरतात आणि मध्येच गाणाऱ्यांना, अजून दहा मिनिटे आहेत, निवांत घ्या, असे म्हणतात, ते पूर्ण निघाले.

आता सगळे फ्लॅकमध्ये एका हार्ड डिस्कवर आहे आणि दोन कंपन्यांच्या दोन ब्लू-रेवर लिहिले आहे. एक डिस्क घरी, दुसऱ्या मजल्यावर. दुसरी विट्याला बहिणीकडे पोचवली, जिथे पाणी यावे म्हणून टेंभूची उपसा सिंचन योजना करावी लागली. तिने ती देवघराच्या कपाटात ठेवली आहे. दर दिवाळीला भाऊबिजेला गेलो की ती लॅपटॉपला लावून सगळ्या फाइलच्या खुणा तपासायच्या, असे ठरले आहे. ड्राइव्ह मला बरोबर न्यावा लागेल, कारण विट्यात तो कोणाकडेच नाही. द्राक्षबाग, तुमच्या म्हणण्याप्रमाणे क्लाउड खाते पुतणीने उघडले आहे आणि त्याचा पासवर्ड मला पाठ होत नाही.

द्राक्षबाग

काका, पासवर्ड वहीत लिहा आणि ती वही विट्याला ठेवा. आणि त्या तिसऱ्या ट्रॅकची एक सीडी मला मिळेल का? माझ्या पिकअपमध्ये अजून सीडी प्लेअर आहे, हे मी आधी मुद्दामच सांगितले नव्हते.